ग्रीक तत्त्वज्ञान नव्याने वाचताना: संकल्पनेच्या आधी तिच्यामागची अडचण

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉलेजात तत्त्वज्ञान हा विषय कधी नव्हता, आता आवडीने पाश्चात्त्य तत्त्वज्ञान वाचायला घेतलं आहे. थेलीस म्हणतो सगळं पाणी आहे, प्लेटो म्हणतो खरं जग आकारांचं आहे, ॲरिस्टॉटल म्हणतो कारणं चार असतात. व्याख्या लक्षात राहतात, पण ही माणसं असं का म्हणत होती ते काही केल्या समजत नाही. मूलभूत संकल्पना कोणत्या, आणि सुरुवात कुठून करावी?

मी पदवीच्या विद्यार्थ्यांना हा विषय बरीच वर्षं मराठीतून शिकवत आलो आहे, आणि तुमची तक्रार अगदी योग्य जागी बोट ठेवणारी आहे. आपल्याकडे हा विषय बहुतेक वेळा नावं आणि मतं अशा यादीसारखा शिकवला जातो. अमुक चिद्वादी, तमुक अनुभववादी. असं पाठ करून पेपर चांगला लिहिता येतो, पण डोक्यात काही उरत नाही. कारण तत्त्वज्ञानातली प्रत्येक मोठी संकल्पना कुणाच्या तरी अडचणीचं उत्तर असते. अडचण माहीत नसेल तर उत्तर विचित्रच वाटणार. म्हणून मी संकल्पनांची जंत्री देत नाही. एक अडचण घेतो आणि ती कुठवर जाते ते दाखवतो. वाटेत बहुतेक महत्त्वाच्या संकल्पना भेटतीलच.

सुरुवात मिलेटसपासून होते. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे ग्रीक बंदर. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात तिथे थेलीस, ॲनॅक्झिमँडर आणि ॲनॅक्झिमिनीस हे तिघं होऊन गेले. थेलीसचं स्वतःचं लेखन आपल्याकडे नाही. त्याच्याबद्दल जे कळतं त्यातलं बरंच ॲरिस्टॉटलने सुमारे अडीचशे वर्षांनंतर लिहून ठेवलेलं आहे. तो म्हणाला, सगळ्याचं मूळ पाणी. आज हे वाचून हसू येतं, पण पाणी हे उत्तर बाजूला ठेवा आणि प्रश्न बघा: इतक्या नाना तऱ्हेच्या वस्तूंच्या मुळाशी एकच काही आहे का? या मूळ तत्त्वाला ग्रीक लोक आर्खे म्हणत. थेलीसच्या नंतरच्या पिढीतला ॲनॅक्झिमँडर पुढे विचारतो, मूळ पाणी असेल तर पाण्याच्या उलट स्वभावाची आग कुठून आली? म्हणून तो मूळ तत्त्वाला कुठलाच ठरावीक गुण देत नाही, त्याला अमर्याद म्हणतो. ॲनॅक्झिमिनीस हवा निवडतो, पण तोही एक नवी गोष्ट आणतो. हवा विरळ झाली की आग, दाट होत गेली की वारा, ढग, पाणी, माती, दगड. म्हणजे मूळ कोणतं एवढंच सांगून तो थांबत नाही, मुळातून बाकीचं कसं होतं तेही सांगतो. तिघांची उत्तरं टिकली नाहीत, पण पूर्वीच्या माणसाचं म्हणणं घ्यायचं, त्यातला कच्चा दुवा शोधायचा आणि नवं उत्तर मांडायचं ही रीत मात्र टिकली. माझ्या मते ग्रीकांचं सगळ्यात मोठं देणं हेच आहे.

आता खरी अडचण येते, आणि इथे मी तुम्हाला जरा रेंगाळायला सांगेन. नवशिक्यांसाठी लिहिलेली पुस्तकं पार्मेनिडीसला अर्ध्या पानात उरकतात, आणि मग प्लेटो गूढवादी वाटतो, ॲरिस्टॉटल रुक्ष वाटतो.

पार्मेनिडीस दक्षिण इटलीतल्या एलिया या ग्रीक वसाहतीचा. त्याने एक कविता लिहिली. तिच्या दीडशेच्या आसपास ओळी आज उरल्या आहेत. एक देवी एका तरुणाला विचाराचे दोन मार्ग सांगते, अशी तिची मांडणी आहे. पण देवीच्या तोंडी जे आहे तो शुद्ध युक्तिवाद आहे. तो असा: जे आहे ते आहे. जे नाही त्याचा विचारसुद्धा करता येत नाही, कारण विचार करायला समोर काही तरी लागतं. आता एखादी नवी वस्तू निर्माण होते असं समजा. ती कशातून आली? जे आहे त्यातून आली म्हणाल तर ती आधीपासून होतीच, नवी झाली नाही. जे नाही त्यातून आली म्हणाल तर शून्यातून काही येत नाही. तिसरा पर्याय नाही. म्हणून काहीही निर्माण होत नाही. याच वाटेने गेलं की काहीही नष्ट होत नाही, काहीही बदलत नाही, काहीही हलत नाही. जे आहे ते एक, अखंड, अचल आहे. बदलणारं जग आपल्याला दिसतं खरं, पण ते मर्त्य माणसांचं मत आहे, सत्य नव्हे.

मराठी वाचकाला इथे गीतेतलं ‘नासतो विद्यते भावो’ आठवतंच. सांख्यांचा सत्कार्यवादही आठवतो: कार्य कारणात आधीपासून असतंच. हे आठवणं चांगलं आहे, प्रश्नाची धार त्यामुळे लवकर कळते. पण दोन्ही एकच म्हणून पुढे जाऊ नका. गीतेतला तो चरण देह आणि आत्मा यांच्या संदर्भात, युद्धाला कचरणाऱ्या अर्जुनाला सांगितलेला आहे. सांख्य तर निष्कर्षात पार्मेनिडीसच्या उलट टोकाला जातात. त्यांच्या मते मूळ प्रकृती खरोखर बदलते, परिणाम पावते. पार्मेनिडीस बदलच नाकारतो.

त्याचा निष्कर्ष कुणालाच पटत नाही. तुम्हालाही पटला नसेल. पण मग चूक नेमकी कुठल्या पायरीवर आहे ते दाखवा पाहू. सहज दाखवता येत नाही, आणि त्यामुळेच पुढची दीडशे वर्षं ग्रीक विचारवंत या माणसाला उत्तर देत बसले. त्याचा शिष्य झेनो याने अडचण आणखी घट्ट केली. खोली ओलांडायची तर आधी अर्धी ओलांडावी लागते, मग उरलेल्याची अर्धी, मग पुन्हा उरलेल्याची अर्धी. टप्पे संपतच नाहीत, मग माणूस पलीकडे पोचतो कसा? अनंत टप्प्यांची बेरीज मर्यादित असू शकते हे आजचं गणित नेमकेपणाने दाखवतं. पण अनंत टप्पे एकामागून एक पार पाडणं म्हणजे काय, यावर तत्त्वज्ञ अजूनही वाद घालतात.

पार्मेनिडीसच्या उलट टोकाला इफेससचा हेराक्लिटस ठेवण्याची पद्धत आहे. एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही, हे त्याच्या नावावरचं वचन सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण तो फक्त ‘सगळं बदलतं’ एवढंच म्हणत नाही. नदी नदी म्हणून राहते ती पाणी वाहतं म्हणूनच, ही त्याची खरी सूक्ष्म गोष्ट आहे. बदल एका नियमाने चालतो, त्या नियमाला तो लोगोस म्हणतो.

पार्मेनिडीसला पहिली उत्तरं निसर्गाचा अभ्यास करणाऱ्यांनी दिली. सिसिलीतला एम्पेडोक्लीस म्हणाला, ठीक आहे, नवं काही निर्माण होत नाही. पण मूळ तत्त्वं एक नसून चार आहेत: माती, पाणी, हवा, आग. आपण ज्याला जन्म म्हणतो ते त्यांचं मिसळणं, मृत्यू म्हणतो ते वेगळं होणं. ल्युसिपस आणि डेमोक्रिटस यांनी अणू मांडले. प्रत्येक अणू पार्मेनिडीसच्या सत्तेसारखाच, म्हणजे त्याच्या ‘जे आहे ते’ सारखाच आहे, न जन्मणारा, न बदलणारा, अखंड. फक्त असे अणू असंख्य आहेत आणि ते पोकळीत फिरतात. पोकळी म्हणजे ‘जे नाही ते’, आणि तेही आहे, असं म्हणण्याचं धाडस त्यांनी केलं. डेमोक्रिटस पुढे म्हणतो की गोड, कडू, गरम, थंड, रंग हे सगळं रूढीने, खरं पाहता अणू आणि पोकळी. वस्तूचे स्वतःचे गुण वेगळे आणि आपल्या इंद्रियांमुळे भासणारे गुण वेगळे, हा फरक पुढे दोन हजार वर्षांनी शास्त्रज्ञ गॅलिलिओ आणि इंग्रज तत्त्वज्ञ लॉक यांच्याकडे पुन्हा भेटतो.

ही झाली सत्तेविषयीची बाजू, म्हणजे मुळात काय आहे याचा विचार. पुस्तकात तुम्हाला सत्तामीमांसा हा शब्द भेटतो तो याच्यासाठी.

दुसरी बाजू अथेन्समध्ये सुरू होते. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात अथेन्स लोकशाही होतं, सभेत आणि न्यायालयात बोलता येणं ही मोठी ताकद होती. ही विद्या फी घेऊन शिकवणाऱ्यांना सोफिस्ट म्हणत. त्यांच्याबद्दल फार वाईट लिहिलं गेलं, त्यातलं बरंच प्लेटोच्या लेखणीतून. ती सगळीच माणसं भोंदू नव्हती. प्रोटागोरसचं ‘माणूस हा सगळ्या गोष्टींचा मापदंड’ हे म्हणणं आजही खोडायला सोपं नाही. वारा मला थंड वाटतो, तुम्हाला नाही, मग वारा मुळात थंड आहे की नाही? तसंच न्यायाचं. एका नगरात जे न्याय्य ते दुसऱ्या नगरात अन्याय, मग न्याय म्हणून मुळात काही आहे का?

सॉक्रेटिस या प्रश्नाला समोरून भिडला. त्याने स्वतः काही लिहिलं नाही. त्याला आपण मुख्यतः प्लेटो आणि झेनोफोन या त्याच्या शिष्यांच्या लेखनातून ओळखतो. त्याची पद्धत कळायला प्लेटोचा ‘युथिफ्रो’ हा छोटा संवाद पुरेसा आहे. तो जरा जवळून पाहू.

साल इ.स.पू. ३९९. सॉक्रेटिसवर खटला दाखल झालेला आहे: नगराचे देव मानत नाही, नवी दैवतं आणतो, तरुणांना बिघडवतो. त्यासाठी तो न्यायाधिकाऱ्याच्या कचेरीपाशी आला आहे. तिथे युथिफ्रो भेटतो. तोही खटल्यासाठीच आला आहे, पण फिर्यादी म्हणून, आणि फिर्याद स्वतःच्या वडिलांवर आहे, खुनाची. नॅक्सॉस बेटावर त्यांच्या शेतावरच्या एका मजुराने दारूच्या नशेत घरच्या गुलामाला मारलं. वडिलांनी त्या मजुराला हातपाय बांधून खड्ड्यात टाकलं आणि काय करावं हे धर्माधिकाऱ्याला विचारायला अथेन्सला माणूस पाठवला. निरोप येईपर्यंत मजूर थंडीने आणि भुकेने मेला. घरचे लोक म्हणतात, मुलाने बापावर फिर्याद करणं हे पाप. युथिफ्रो म्हणतो, हेच पुण्य, आणि पुण्य म्हणजे काय ते मला नेमकं ठाऊक आहे.

सॉक्रेटिस म्हणतो, मग मला शिकव. पुण्य म्हणजे काय?

युथिफ्रोचं पहिलं उत्तर: मी आत्ता जे करतोय तेच, अपराध्यावर खटला भरणं. सॉक्रेटिस म्हणतो, हे उदाहरण झालं. पुण्यकर्मं इतरही आहेत. ज्या एका गोष्टीमुळे ती सगळी पुण्य ठरतात ती सांग. हा प्रश्न नीट बघा. उदाहरणं नकोत, सगळ्या उदाहरणांत समान असलेलं स्वरूप हवं. तोवर इतक्या आग्रहाने हे कुणी मागितलं नव्हतं.

दुसरं उत्तर: देवांना जे प्रिय ते पुण्य. सॉक्रेटिस: पण तुमच्याच कथांत देव आपसात भांडतात. एकाला जे प्रिय ते दुसऱ्याला अप्रिय. मग एकच कृत्य पुण्य आणि पापही होईल. युथिफ्रो दुरुस्ती करतो: सगळ्या देवांना जे प्रिय ते. आणि इथे सॉक्रेटिस तो प्रश्न विचारतो ज्यासाठी हा संवाद आजही वाचला जातो. एखादं कृत्य पुण्य आहे म्हणून देवांना प्रिय आहे, की देवांना प्रिय आहे म्हणून ते पुण्य ठरतं? पहिलं मान्य केलं तर पुण्य हे देवांच्या आवडीहून स्वतंत्र ठरतं, आणि ते काय हे अजून सांगायचं राहिलंच. दुसरं मान्य केलं तर देवांना उद्या दुसरं काही आवडलं की तेच पुण्य. देवांच्या जागी शास्त्र, परंपरा, कायदा, बहुमत काहीही घाला, प्रश्न तितकाच बोचतो. शास्त्राने सांगितलं म्हणून योग्य, की योग्य म्हणून शास्त्राने सांगितलं? वर्गात हा प्रश्न टाकला की तास संपल्यावरही मुलं बाहेर पडत नाहीत, आणि ते पाहून मला दर वेळी तितकाच आनंद होतो.

संवाद उत्तराविना संपतो. युथिफ्रोला घाई असते, तो निघून जातो. प्लेटोच्या सुरुवातीच्या कितीतरी संवादांचा शेवट असाच आहे, त्यामुळे हाती काही लागलं नाही म्हणून खट्टू होऊ नका. ज्ञान आहे असा समज घेऊन आलेला माणूस आपल्याला माहीत नाही इथवर येतो, आणि वाचकही त्याच्याबरोबर येतो.

आता प्लेटोच्या आकारांकडे वळा, ते किती सरळ वाटतात पाहा. ॲरिस्टॉटलने स्वतः सांगून ठेवलं आहे की प्लेटोकडे दोन धागे आले. इंद्रियांना दिसणारं सगळं सतत बदलतं, म्हणून त्याचं ज्ञान होऊ शकत नाही, हा धागा हेराक्लिटसच्या परंपरेतला. आणि न्याय म्हणजे काय, पुण्य म्हणजे काय, याची एकच व्याख्या असली पाहिजे, हा सॉक्रेटिसचा. दोन्ही खरं मानलं तर व्याख्या कशाची होते? बदलणाऱ्या वस्तूंची होऊ शकत नाही. म्हणजे न बदलणारं असं काही तरी असलं पाहिजे. तेच आकार, म्हणजे डोळ्यांना दिसणारी घडण नव्हे, तर न बदलणारं मूळ स्वरूप. पार्मेनिडीसची अचल सत्ता इथे पुन्हा आली, फक्त आता ती एक नाही, न्याय, सौंदर्य, समानता अशी अनेक आहे.

‘फायडो’ संवादातलं समान काठ्यांचं उदाहरण यासाठी उत्तम आहे. दोन काठ्या समान लांबीच्या दिसतात. पण त्याच काठ्या कधी समान दिसतात, कधी असमान. समानता स्वतः मात्र कधी असमान दिसत नाही. काठ्या समानतेच्या जवळ जातात पण तिला गाठत नाहीत, असं आपण म्हणतो, तेव्हा समानता म्हणजे काय हे आपल्याला काठ्या पाहण्याआधीच कुठून तरी माहीत असलं पाहिजे. इथून प्लेटो आत्म्याच्या पूर्वज्ञानाकडे जातो. तुम्ही तिथवर त्याच्याबरोबर गेलाच पाहिजे असं नाही. पण भूमितीच्या वहीत काढलेली रेघ कधीच पूर्ण सरळ नसते, तरी आपण सिद्धता सरळ रेषेची करतो, हे तर खरं आहे. मग ती सरळ रेषा कुठे आहे? गणिताच्या तत्त्वज्ञानात हा वाद आजही मिटलेला नाही.

‘रिपब्लिक’च्या सातव्या पुस्तकातलं गुहेचं दृश्य सगळे आधी वाचतात. मी ते शेवटी ठेवायला सांगतो. भिंतीवरच्या सावल्या बघत बसलेले कैदी हे चित्र इतकं प्रभावी आहे की वाचक चित्रच लक्षात ठेवतो आणि युक्तिवाद विसरतो. आणखी एक. आकारांवरची सगळ्यात कडक टीका प्लेटोने स्वतःच लिहिली आहे, ‘पार्मेनिडीस’ नावाच्या संवादात. तिथे म्हातारा पार्मेनिडीस तरुण सॉक्रेटिसला विचारतो, मोठ्या वस्तू मोठेपणामुळे मोठ्या असतील, तर वस्तू आणि मोठेपणा हे दोन्ही मोठे कशामुळे? दुसरा मोठेपणा लागेल, मग तिसरा, असं संपतच नाही. स्वतःच्या सिद्धान्ताला इतक्या निर्ममपणे तपासणारा लेखक मला दुसरा फारसा माहीत नाही.

ॲरिस्टॉटल उत्तरेकडच्या स्टॅगिराचा, जन्म इ.स.पू. ३८४. सतराव्या वर्षी प्लेटोच्या अकादमीत आला आणि वीस वर्षं राहिला. त्याची भाषा कोरडी वाटते, त्याचं एक कारण असं की आपल्याकडे आहे ते बहुधा त्याच्या व्याख्यानांचं टिपण आहे. पण पार्मेनिडीसला सर्वांत समाधानकारक उत्तर त्यानेच दिलं असं मी मानतो. ‘फिजिक्स’च्या पहिल्या पुस्तकात त्याचं उदाहरण अगदी साधं आहे: संगीत न येणारा माणूस संगीत शिकतो. काय बदललं? पार्मेनिडीस म्हणेल, संगीतज्ञ एक तर होता किंवा नव्हता. ॲरिस्टॉटल म्हणतो, तुम्ही दोनच गोष्टी मोजता, मी तीन मोजतो. एक, जो टिकून राहतो तो माणूस. दोन, आधी असलेला अभाव, म्हणजे संगीत न येणं. तीन, नंतर आलेला आकार, म्हणजे संगीत येणं. संगीतज्ञ शून्यातून आला नाही, तो माणसातून आला. आणि तो आधीपासून संगीतज्ञही नव्हता, फक्त संगीतज्ञ होऊ शकत होता. हे ‘होऊ शकणं’ म्हणजेच सुप्त शक्ती, आणि प्रत्यक्षात होणं ही वास्तवता. ‘आहे’ या एका शब्दाखाली पार्मेनिडीसने जे कोंबलं होतं ते ॲरिस्टॉटलने सोडवलं. द्रव्य (बदलात जे टिकून राहतं ते), आकार, सुप्त शक्ती, वास्तवता, या त्याच्या सगळ्या कोरड्या वाटणाऱ्या संज्ञा याच एका गाठीसाठी आहेत.

चार कारणंही अशीच वाचावीत. कांस्याचा पुतळा का आहे, याला चार प्रकारे उत्तर देता येतं: कशाचा केला, कोणत्या घडणीचा आहे, कुणी केला, कशासाठी केला. उपादान आणि निमित्त हे आपल्या दर्शनांतले शब्द दोन कारणांना बरे लागू पडतात, उरलेल्या दोघांना लागत नाहीत. शेवटचं, हेतू-कारण, सगळ्यात जास्त गैरसमजाचं. झाडाच्या मुळांनी मनात काही हेतू धरलेला असतो असं ॲरिस्टॉटल म्हणत नाही. बीज विनाअडथळा वाढलं तर ज्या पूर्ण रूपाकडे जातं ते त्याचं साध्य, एवढंच त्याला म्हणायचं आहे.

नीतीतही तो हेच वापरतो. माणसाचं पूर्णत्व कशात? विवेकाने आणि सद्गुणाने चालवलेल्या सबंध आयुष्यात. याला तो युडायमोनिया म्हणतो. आपण सुख म्हटलं तर क्षणाची भावना डोळ्यांपुढे येते, त्याला ती अभिप्रेत नाही. एका पाकोळीने वसंत होत नाही, तसा एका दिवसाने माणूस कृतार्थ होत नाही, हे त्याचंच वाक्य. सद्गुण सवयीने येतो: धैर्याची कृत्यं करत करत माणूस धीट होतो. भित्रेपणा आणि आंधळं साहस यांच्या मधलं धैर्य. पण हे मधलं म्हणजे गणितातली सरासरी नव्हे. योग्य वेळी, योग्य कारणासाठी, योग्य तितकं.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. हाच ॲरिस्टॉटल ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्या पुस्तकात म्हणतो की काही माणसं स्वभावतःच गुलाम असतात. फुले-आंबेडकर वाचलेला वाचक इथे थांबणारच, आणि थांबावंच. ‘काळच तसा होता’ ही सबब पुरत नाही, कारण त्याच पुस्तकात ॲरिस्टॉटल नोंदवतो की गुलामी निसर्गाने नाही, केवळ कायद्याने आणि बळजबरीने आलेली आहे असं म्हणणारे लोक आहेत. विरोधी मत त्याच्यासमोर होतं. समाजात जी उतरंड दिसते तिलाच निसर्गाचा हेतू समजणं, हा हेतू-कारणाच्या संकल्पनेतला धोका आहे, आणि ती संकल्पना शिकताना तो धोकाही शिकायला हवा.

ॲरिस्टॉटलनंतरच्या पंथांवर मी थोडक्यात लिहितो, कारण ते स्वतः वाचायला सोपे आहेत. एपिक्युरस सुखवादी खरा, पण त्याचं सुख म्हणजे शरीराला वेदना नसणं आणि मनाला खळबळ नसणं, त्याच्या नावावर खपवली जाणारी चैन नव्हे. स्टोइक पंथाचे लोक म्हणतात, काही गोष्टी आपल्या हाती असतात, आपली मतं, इच्छा, प्रयत्न. शरीर, पैसा, कीर्ती आपल्या हाती नसतं. हे सांगणारा एपिक्टेटस एके काळी गुलाम होता आणि त्याच पंथाचा मार्कस ऑरेलियस रोमचा सम्राट. संशयवादाचा आद्य मानला जाणारा पिरो अलेक्झांडरबरोबर भारतापर्यंत आला होता आणि इथल्या नग्न तपस्व्यांना भेटला होता, असं डायोजिनीस लायर्टियस या प्राचीन चरित्रकाराने लिहिलं आहे.

आता मोठी उडी. सतराव्या शतकात प्रश्नाची दिशा बदलते. मुळात काय आहे, याच्या आधी विचारलं जातं: मला जे कळतं ते खात्रीचं कशावरून? ही ज्ञानमीमांसा. पण जुनी अडचण सुटलेली नाही हे फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या मेणाच्या उदाहरणात दिसतं. ‘मेडिटेशन्स’, १६४१, दुसरं चिंतन. पोळ्यातून नुकताच काढलेला मेणाचा तुकडा. मधाची थोडी चव आहे, फुलांचा वास आहे, रंग आहे, आकार आहे, हाताला कडक आणि थंड लागतो, टिचकी मारली तर आवाज येतो. विस्तवाजवळ नेला. चव गेली, वास उडाला, रंग बदलला, आकार मोडला, गरम झाला, आता टिचकी मारून आवाज येत नाही. इंद्रियांना जे जे कळलं होतं ते सगळं गेलं. तरी मेण तेच आहे, असं आपण म्हणतो. कशावरून? पार्मेनिडीसची अडचण आणि ॲरिस्टॉटलचं टिकून राहणारं द्रव्य, दोन्ही इथे आहेत. देकार्तचं उत्तर: ते डोळ्यांनी कळत नाही, बुद्धीनेच कळतं. बुद्धिवाद म्हणतात तो हा.

स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम अनुभववादी, म्हणजे ज्ञान अनुभवातूनच येतं असं मानणारा. तो हेच उलटं वळवतो. बिलियर्डचा एक चेंडू दुसऱ्यावर आपटतो, दुसरा हलतो. डोळ्यांना काय दिसलं? आधी एक घटना, मग दुसरी. पहिलीने दुसरी घडवली, ही सक्ती कुठे दिसली? दिसली नाही. पुन्हा पुन्हा तसंच पाहिल्यामुळे मनाला सवय लागली. द्रव्याचंही तेच: गुणांचा समूह दिसतो, गुणांखालचं द्रव्य कधीच दिसत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणाला की ह्यूमने मला झोपेतून जागं केलं, आणि १७८१ मध्ये ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ लिहून त्याने उत्तर दिलं: द्रव्य आणि कार्यकारण या अनुभवातून उचललेल्या गोष्टी नाहीत, अनुभव शक्य व्हावा म्हणून बुद्धी स्वतःच त्या चौकटी पुरवते. देकार्त, ह्यूम, कांट या तिघांची मतं वेगवेगळी पाठ करणाऱ्याला हा वाद दिसत नाही. द्रव्य कुठून आलं हे ग्रीकांकडे पाहिलेल्याला मात्र तो लगेच ओळखू येतो.

वाचायचा क्रम म्हणाल तर आधी ‘युथिफ्रो’, मग सॉक्रेटिसचं न्यायालयातलं भाषण असलेला ‘अपॉलॉजी’. त्यानंतर ‘फायडो’तला समान काठ्यांचा भाग, ॲरिस्टॉटलच्या ‘निकोमाखियन एथिक्स’चं पहिलं पुस्तक, आणि मग देकार्तची पहिली दोन चिंतनं. पार्मेनिडीसची कविता छोटी आहे, ती मधूनमधून काढत राहा. प्लेटोच्या कुठल्याही चांगल्या भाषांतरात समासात ‘१०अ’ अशा खुणा असतात. त्या १५७८ साली छापलेल्या स्तेफानुसच्या आवृत्तीच्या पानांच्या आहेत आणि सगळ्या भाषांतरांत सारख्याच असतात, त्यामुळे दोन भाषांतरं शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. ‘पुण्य म्हणून प्रिय की प्रिय म्हणून पुण्य’ हा प्रश्न ‘युथिफ्रो’त बरोबर १०अ ला आहे.

वाचताना वहीचे तीन रकाने करा. पहिल्यात युथिफ्रोची व्याख्या, दुसऱ्यात सॉक्रेटिसचा आक्षेप, तिसऱ्यात युथिफ्रोच्या जागी तुम्ही काय म्हणाला असता ते. तिसरा रकाना कोरा ठेवून पुढे जाऊ नका. आणि तुमचं उत्तर आक्षेपातून सुटलं असं वाटेल तिथे ते घरात किंवा मित्रांत कुणाला तरी वाचून दाखवा आणि त्यांना नवा आक्षेप घ्यायला लावा.